वेलीचे शेंडे कोण खुडतं

९ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज उघडून बघत नाही, म्हणून कागद घेतला. पाकिटावरचं अक्षर तुमच्या भावाचं आहे, ते मुद्दाम. माझं दिसलं असतं तर पाकीट न फोडता परत आलं असतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही यांना जे विचारलंत ते मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता आणि मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आईंच्या मनगटावरचे लाल पट्टे तुम्हाला दिसले आणि तुम्ही म्हणालात, "हे बोटांचे वळ आहेत. तिने धरलं का आईला?" तिने म्हणजे मी. हे "छे" म्हणाले, पण जरा थांबून म्हणाले. ते थांबणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी धरलं नाही. एवढंच सांगायला हे पत्र आहे. पण कोरा भाग उरलाय, तर वेलीचंही लिहिते. वेलीचं तरी तुम्ही वाचाल.

गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात की आईंना तुमच्या तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवू, "तुझ्या बायकोला हे झेपायचं नाही." यांनी नको म्हटलं. तुम्ही पाणीही न घेता उठलात आणि आईंसाठी आणलेली मँडेव्हिलाच्या वेलीची कुंडी दाराबाहेर तशीच ठेवून गेलात. तेव्हा तिच्यावर कर्ण्यासारखी गुलाबी फुलं होती. त्यानंतर एक आलं असेल तर शपथ. मधूनमधून तुमचा यांच्या फोनवर निरोप येतो, कुंडी फिरवा, सकाळचं ऊन द्या, दुपारच्या उन्हात पानं करपतील. माझी चौकशी नाही, पण कुंडीची आहे.

तर खबर अशी. खालची पानं पिवळी पडून गळत होती. उचलून पाहिलं तर ताटलीत पाणी साचलेलं. सकाळी मी पाणी घालते आणि दुपारी शिट्टी परत घालते, असं निघालं. शिट्टी म्हणजे आईंना दिवसभर सांभाळायला ठेवलेली बाई. काम करताना शिट्टी वाजवते, म्हणून आईंनीच ते नाव ठेवलं. ताटली काढून टाकली आणि शिट्टीला सांगितलं, तुम्ही पाणी घालू नका. आता मातीत बोट घालून बघते, वरचं पेर कोरडं लागलं तरच पाणी. पानांच्या पाठी चिकट होत्या, त्यावर माव्याची कीड होती, ती साबणाच्या पाण्याने पुसली.

पण एक गोष्ट मला कळत नाही. नवे कोंब निघतात आणि त्यांचे शेंडे नाहीसे होतात. किडीने खाल्लेलं नाही, ती कुरतडते. हे एका झटक्यात तोडलेलं आहे, नखाने तोडावं तसं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, ताई. चरा कुठला आणि तडा कुठला हे मला दिसतं. बाल्कनीच्या दाराला मी वरची कडी लावते, कारण हिवाळ्यात आई तिथे खुर्चीवर चढल्या होत्या. मग तिथे जातं कोण?

तुमची भावजय


२७ एप्रिल

ताई,

नमस्कार. "मुळं बघा" एवढाच तुमचा निरोप यांनी वाचून दाखवला. म्हणजे पत्र पोचलं.

मुळं बघितली. कुंडी आडवी करून वेल बाहेर काढली, काही मुळं काळी पडून लगदा झाली होती, ती कापली. कुंडीचं भोक मातीने बुजलं होतं, ते मोकळं करून खाली खापराचा तुकडा ठेवला आणि नव्या मातीत थोडी वाळू मिसळली. आता पानं हिरवीगार आहेत. शेंडे मात्र जाताहेत. फुलं नाहीत.

आईंच्या हाताचं सांगते, कारण न सांगितलं तर तुम्ही म्हणाल लपवलं. नवे पट्टे उठलेत. मनगटापासून कोपराकडे, एकाखाली एक. मानेवर कानाखाली एक डाग आहे, तो तर कुणी गळा धरला असावा असा दिसतो. कुणी केलं विचारलं तर म्हणतात, "काम आहे, काम आहे." दुखतं का विचारलं तर हात मागे घेतात. डॉक्टर म्हणाले, या वयाची त्वचा नाजूक असते, कशानेही होईल. मलम दिलं. पण बोलताना त्यांची नजर आईंच्या हातावर कमी आणि माझ्या हातावर जास्त होती.

मला शिट्टीचा संशय येतो. उगाच नाही. एक, पट्टे सकाळी नसतात, संध्याकाळी असतात. आंघोळ मी घालते, तेव्हा सगळं अंग माझ्या डोळ्यांखालून जातं. दोन, मी घरात शिरले की तिची शिट्टी थांबते. तीन, बुधवारी आईंच्या सपातांना ओली माती होती. मी विचारलं, बाल्कनीत गेल्या होत्या का? शिट्टी म्हणाली, नाही, दार उघडलंच नाही. माती काय जिन्याने वर आली? मी सपाता धुऊन ठेवल्या. पण त्या दिवसापासून आईंच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बटण लावलेलं असतं. आई स्वतः बटण लावू शकत नाहीत. हे तुम्हालाही माहीत आहे.

हे म्हणतात, नुसत्या संशयावर कुणाच्या पोटावर पाय देऊ नये. ते पंपहाउसवर रात्रपाळी करून येतात आणि दुपारभर झोपतात. त्यांना काय दिसणार?

तुमची भावजय


११ मे

ताई,

शिट्टीला काढलं.

सविस्तर सांगते. गेल्या आठवड्यात मी वेल घेऊन नाही, तर वेलीचा एक खुडलेला कोंब घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथले म्हातारे माळी म्हणाले, पाणी, ऊन, खत सगळं बरोबर असेल तरी फूल येणार नाही, कारण हिची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला धरते. टोकच राहू देत नसाल तर कळी बसायची कुठे? कीड नाही, रोग नाही, माणसाचा हात आहे. कोंब त्यांनी हातमोजा घालून धरला होता. नंतर मोजाही धुतला. मला वाटलं, म्हाताऱ्यांना स्वच्छतेची खोड असेल.

माणसाचा हात म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच हात आला. घरी आले. शिट्टी आईंचे केस विंचरत होती. मी तिला म्हटलं, हात दाखवा. तिला आधी कळलंच नाही. मग तिने दोन्ही हात पुढे केले. मी तिची नखं बघितली, एकेक बोट उलटं करून, दुकानात काच उजेडासमोर धरते तशी. नखं कापलेली होती, स्वच्छ. मी म्हटलं, आजच कापलीत वाटतं. ती म्हणाली, रोजच कापते, माणसाच्या अंगाला हात लावायचा असतो.

मी सरळ विचारलं, आईंना तुम्ही धरता का? मारता का?

"नाही," ती म्हणाली.

बाल्कनीत जाता का, वेलीला हात लावता का, हेही विचारलं. यावर ती लगेच बोलली नाही. आईंकडे बघितलं आणि मग म्हणाली, मी वेलीला हात लावत नाही. ते लगेच न बोलणं मला पुरलं. म्हटलं, उद्यापासून येऊ नका. तिने कंगवा ठेवला, चपला घातल्या आणि गेली. आई तिच्या मागे दारापर्यंत गेल्या. मग मला म्हणाल्या, "हिची पाळी संपली का?"

तुम्हाला आता बरं वाटलं असेल. मला वाटायला हवं होतं.

आता सकाळी मी दुकानात जाते तेव्हा हे घरी असतात, मी आले की हे पंपहाउसवर. घरात आम्ही दोघं एकमेकांना दारातच भेटतो.

तुमची भावजय


२४ मे, दुकानातून

ताई,

हे पत्र दुकानात बसून लिहितेय. पाकिटावर अक्षर माझंच आहे. यांना या पत्राची खबर नाही आणि तुम्ही ती लागू देऊ नये. माझा तुमच्यावर फार विश्वास आहे असं नाही, पण या बाबतीत तुमच्याशिवाय सांगायला माणूस नाही.

आईंच्या हातावर परत पट्टे आहेत. शिट्टी जाऊन दोन आठवडे होऊन गेले. मधले काही दिवस हात स्वच्छ होता, मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, सापडलं. आणि सोमवारी संध्याकाळी बाही वर केली तर डाव्या हातावर तीन पट्टे, ताजे, लालभडक. गुरुवारी उजव्यावर. मानेवर पुन्हा.

दिवसा घरात दोनच माणसं असतात. त्यातल्या एक आई.

मी यांना विचारलं, आज दिवसभर काय केलं आईंनी? म्हणाले, काही नाही, बसल्या होत्या. कुठे? "बसल्या होत्या म्हटलं ना," असं म्हणून डबा उचलून निघून गेले. चौदा वर्षांत हा माणूस माझ्याशी असा बोललेला नाही. तुम्हाला माहीत आहे, आई एकच प्रश्न दहादा विचारतात. रात्रभर जागून आलेल्या माणसाला झोपू देत नाहीत. मलाही कधी कधी वाटतं की कान बंद करून बसावं. यांना काय वाटत असेल, आणि वाटलं तर हे काय करत असतील, ते मला माहीत नाही. लहानपणी यांना राग यायचा का हो? कसा यायचा? हे तुम्हाला विचारायची वेळ माझ्यावर यावी, यातच काय ते समजा.

परवा रात्री हे कामावर गेल्यावर मी त्यांच्या शर्टाच्या बाह्या बघितल्या. काय शोधत होते ते मलाही सांगता येणार नाही. काही नव्हतं. उशी बघितली. मग स्वतःचीच लाज वाटून दिवा घालवला.

वेल: तुम्ही विचारलंत म्हणून. पानाखाली बारीक जाळी दिसली, लाल कोळी असावा. पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुतली, दर दोन दिवसांनी धुतेय. शेंडे जातातच. जमिनीवर पांढरे वाळलेले ठिपके पडतात. मला वाटलं पक्ष्यांचे, पण ते कुंडीच्या अलीकडेच पडतात, कठड्याकडे नाही. म्हणजे बाल्कनीत कुणीतरी जातंय. कडी मी लावून येते आणि मी परत येते तेव्हा लावलेलीच असते.

उद्या मी जेवायच्या सुट्टीआधी निघणार आहे. मालकांना दाढ दुखते सांगितलंय. यांना काही सांगितलेलं नाही.


२६ मे

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नका, आधी बसा.

काल मी अवेळी घरी गेले. कुलपात किल्ली अशी चोरासारखी फिरवली की मलाच माझा राग आला. आत हे कोचावर झोपले होते, तोंड उघडं, पायात मोजे तसेच. बाल्कनीचं दार सताड उघडं. आणि बाल्कनीत आई.

स्टुलावर बसल्या होत्या, पाठ ताठ, चष्मा नाकावर. वेलीचे नवे कोंब बाल्कनीच्या जाळीपासून सुटून हवेत डुलत असतात ना, आधार शोधत, तसा एकेक कोंब त्या डाव्या हाताने धरत होत्या, बोटांत ताणत होत्या आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने टक्कन तोडत होत्या. तोडलेलं मांडीवर जमवत होत्या. घाई नाही, गोंधळ नाही. इतक्या शांत मी त्यांना दीड वर्षात बघितलेल्या नाहीत.

तोडलेल्या जागी दुधासारखा चीक येत होता. हात वर केलेले, त्यामुळे तो बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. ओघळ सुकला की खाज येत असावी. त्या हात मानेला पुसत होत्या, कानाखाली.

मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू नवीन का?"

मी हो म्हटलं.

"मग बस. सगळे धागे सुटलेत. असा माल गेला तर परत येतो."

तुम्ही त्यांची लेक आहात, तुम्हाला मी काय सांगू. शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं? शेवटच्या टेबलावर बसून शिवलेल्या शर्टाचे लोंबते धागे कापायचे. मला हे लग्न झाल्यापासून माहीत होतं आणि रोज ती वेल बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. मी माणसाचा हात शोधत होते, पण ज्याला मी रोज मलम लावत होते तोच तो हात, हे मला दिसलं नाही.

मी बसले. त्यांनी मला वरचे कोंब दिले. माझ्याही मनगटावर चीक आला, तो मी मुद्दाम धुतला नाही. आज सकाळी तिथे तसाच लाल पट्टा आहे, बोटाएवढा रुंद. डॉक्टरांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, हो, या वेलीचा चीक काहींना बाधतो, डोळ्यात आणि तोंडात जाऊ देऊ नका. आता तरी माझ्या हाताकडे बघायचं त्यांना कारण होतं.

हे उठले तेव्हा मला बाल्कनीत बघून उभेच राहिले. मग सगळं बोलले. मी दुकानात गेले की ते कडी काढतात, कारण तिथे बसवलं की आई प्रश्न विचारत नाहीत, आणि यांना झोप मिळते. मी यायच्या आत कडी परत लावायची. मला सांगितलं नाही, कारण मी बाल्कनीच्या नावाने घर डोक्यावर घेतलं असतं. घेतलंच असतं. शिट्टीही हेच करत होती, हे यांना ठाऊक होतं. मी तिला काढलं त्या दिवशी हे गप्प बसले. पट्ट्यांचा आणि वेलीचा संबंध त्यांनाही कळला नव्हता, पण बाल्कनीचं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत.

मी यांच्यावर काय संशय घेतला ते मी यांना सांगितलं नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. कोचावर बसून ते आईंचा हात साबणाने धूत होते आणि मी ते बघत होते, पुसायला टॉवेल घेऊन.


१४ जून

ताई,

तुमचा निरोप मिळाला. पहिल्यांदाच वेलीबद्दल नव्हता. "आई तोडतानाचा फोटो पाठवा, मग बघू."

त्याआधी शिट्टीचं सांगते. मी तिच्याकडे गेले होते. लॉन्ड्रीच्या मागे एका खोलीत राहते. आता एका तान्ह्या बाळाकडे कामाला जाते. तिने मला दारातच उभं केलं, तो तिचा हक्क होता. मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं, परत या म्हटलं, आई विचारतात म्हटलं. विचारतातच, रोज दाराकडे बघून, हिची पाळी कधी.

ती म्हणाली, बाल्कनीचं मी लपवलं, तिथे माझंही चुकलं. पट्टे दिसायला लागल्यावर बाह्या खाली ओढल्या, तेही चुकलं, घाबरले होते. मला बरं वाटायला लागलं, वाटलं येते आता. मग ती म्हणाली, "पण तुम्ही माझी नखं बघितलीत. एकेक. त्यांच्यासमोर. आता मी त्या घरात आले तर दर वेळी हात धुताना तेच आठवेल मला."

मी घरी परत आले. ती येणार नाही.

आईंचं आता असं ठरवलंय. बाल्कनीचं दार आम्ही दोघं मिळून उघडतो. खुर्ची तिथून काढली, स्टूल ठेवलं. यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाला कफ बंद करायचे, गळ्याशी रुमाल. हातमोजे दिले होते, पण ते त्या काढून फेकतात, मोज्यात धागा लागत नाही म्हणतात. तेव्हा काम झालं की लगेच साबणाने हात, हे आम्ही पाळतो. कुणीतरी शेजारी बसलंच पाहिजे, हे यांनीच ठरवलं. हे रात्रपाळी सोडून सकाळची मागताहेत, मिळेल असं वाटतं. आईंच्या हातावरचे पट्टे फिके पडत आलेत.

वेल मी काढून टाकणार होते, खरं सांगते. कुंडी उचलून जिन्यापर्यंत नेली होती. आधी त्या माळ्यांना विचारून यावं म्हणून गेले. ते म्हणाले, खुडल्याने वेल मरत नाही, उलट एक शेंडा तोडला की खालून दोन फुटतात, दाट होत जाते. फूल मात्र विसरा. मी त्यांना म्हटलं, दोन फुटतात हे नक्की ना? त्यांना वाटलं मी फुलांसाठी रडतेय. कुंडी परत जागेवर आणून ठेवली. आईंच्या कामाला आता तोटा नाही.

राहिला फोटो. तो मी पाठवणार नाही. दारात उभं राहून आईंकडे फोन रोखायचा, त्या तोडताहेत, चीक ओघळतोय, आणि ते तुम्हाला पुरावा म्हणून पाठवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि पाठवला तरी तुम्ही म्हणाल, हातात कोंब हिनेच दिला असेल. मी तुमच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. गेले दोन महिने मी दुसरं काही करतच नव्हते.

तेव्हा तुम्हीच या. न कळवता या, म्हणजे आम्ही काही रचून ठेवलं असं वाटायला नको. दुपारी या, तेव्हा त्या बाल्कनीत असतात. लांब बाह्यांचं काहीतरी घालून या आणि बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा, चीक त्यात अडकतो. त्या तुम्हाला ओळखतील असं धरून चालू नका. नवीन मुलगी आली असं समजतील, शेजारी बसवतील, आणि थोड्या वेळाने तुमच्या कामात खोट काढतील. मला रोज काढतात. काल यांना म्हणाल्या, ही बरी आहे, पण हिला अजून हात बसलेला नाही.

तुमची भावजय